अलंकार आणि मन वळविण्याची कला

इंग्रजी गद्यातील वक्तृत्वप्रकारांची ओळख आपल्या विद्यापीठांतून ज्या पद्धतीने करून दिली जाते तिच्यात एक सोय आहे, आणि त्या सोयीतच एक धोका आहे. 'सिमिली' म्हणजे उपमा, 'मेटफर' म्हणजे रूपक, 'हायपर्बली' म्हणजे अतिशयोक्ती, 'क्लायमॅक्स' म्हणजे सार, असा एक छोटेखानी कोश विद्यार्थ्याच्या हाती देता येतो, ही सोय. दोन्हीकडची वस्तू एकच असून नाव तेवढे निराळे आहे असा त्याचा ग्रह होतो, हा धोका. मग परीक्षेत उतारा येतो, विद्यार्थी त्यातील अलंकार अचूक ओळखतो, त्याला गुणही मिळतात. परंतु त्या उताऱ्याने आपल्याला कशाला 'हो' म्हणावयास लावले, हा प्रश्न विद्यार्थीही विचारीत नाही आणि परीक्षकही विचारीत नाही. दागिन्यांची मोजदाद होते. ते अंगावर घालून कोण कोणाच्या दारी कशासाठी गेले होते, ते मात्र तसेच राहून जाते.

वस्तुतः ह्या दोन शास्त्रांची जन्मस्थाने भिन्न आहेत. आपले अलंकारशास्त्र काव्याच्या विचारातून वाढले. भामह-दंडींपासून मम्मटापर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे सहृदय रसिक आहे. तो निवांत आहे, जाणता आहे, आणि काव्य ऐकून झाल्यावर त्याला हात वर करून मत द्यावयाचे नाही. ग्रीकांचे 'ऱ्हेटरिक' न्यायसभेत आणि लोकसभेत वाढले. अथेन्समध्ये फिर्यादीला व आरोपीला स्वतःच उभे राहून बोलावे लागे, समोर शेकडो नागरिक न्यायाधीश म्हणून बसलेले असत, आणि बोलणे संपताच मतदान होई. ॲरिस्टॉटलने त्या शास्त्राची व्यवस्था लावताना वक्त्याचे शील, श्रोत्याची मनोवृत्ती आणि युक्तिवाद अशी मन वळविण्याची तीन साधने सांगितली. शब्दरचनेचा विचार त्याने ह्यानंतर, ग्रंथाच्या शेवटच्या भागात केला आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे.

आपल्याकडे युक्तिवादाचे शास्त्र नव्हते असे मात्र कोणी समजू नये. न्यायदर्शनाने वाद, जल्प आणि वितंडा ह्यांतील भेद सांगितला, हेत्वाभासांची चिकित्सा केली, शब्दाचा अर्थ फिरवून प्रतिपक्षाला अडविणाऱ्या 'छला'चे तीन प्रकार पाडले. इतकी बारीक हत्यारे ग्रीकांजवळही थोडीच होती. परंतु आपल्याकडे नैयायिक एका घरात राहिला आणि आलंकारिक दुसऱ्या घरात. दोघांचे जाणेयेणे होते, संसार एक नव्हता. पश्चिमेकडे हेत्वाभास आणि अनुप्रास एकाच छपराखाली, एकाच गुरूपाशी शिकविले गेले. म्हणूनच इंग्रजी गद्य वाचताना आपल्यातील आलंकारिक तेवढा जागा होतो आणि नैयायिक झोपून राहतो. मम्मटाने काव्याच्या प्रयोजनांत 'कान्तासम्मित उपदेश' सांगितला आहे. वेद धन्याप्रमाणे आज्ञा करतो, पुराण मित्राप्रमाणे सांगते, काव्य प्रियेप्रमाणे मन वळविते. ह्या एका कल्पनेत मन वळविण्याच्या शास्त्राचे बीज पडलेले होते. ते पुढे हवे तसे वाढले नाही, ह्याची मला नेहमी चुटपुट वाटते.

इंग्लंडात हे शास्त्र सोळाव्या शतकात देशी भाषेत उतरले. टॉमस विल्सनचा ग्रंथ १५५३चा, हेन्री पीचमचा १५७७चा, जॉर्ज पटनमचा १५८९चा. पटनमने तर ग्रीक-लॅटिन संज्ञांना घरगुती इंग्रजी नावे देण्याचा घाट घातला. 'आयरनी'ला त्याने दिलेले नाव 'कोरडा टोमणा' असे मराठीत सांगता येईल आणि अतिशयोक्तीला तो चक्क 'मोठ्याने खोटे बोलणारा' म्हणतो. ही नावे टिकली नाहीत. परंतु त्यांत एक शहाणपण होते. अलंकार म्हणजे कोणीतरी कोणाशी तरी करीत असलेली एक कृती आहे, हे त्या नावांवरून कळत असे. ज्या पिढीने शाळेत हे धडे गिरविले, त्याच पिढीत शेक्सपिअर झाला.

'ज्युलियस सीझर' हे नाटक सुमारे १५९९चे. त्याच्या तिसऱ्या अंकात सीझरच्या प्रेतासमोर दोन भाषणे होतात आणि आपल्याकडे महाविद्यालयांत ती पिढ्यान्पिढ्या पाठ केली गेली आहेत. ब्रूटस गद्यात बोलतो. त्याची वाक्ये तराजूच्या पारड्यांसारखी समतोल आहेत; ह्या पारड्यात सीझरवरील प्रेम, त्या पारड्यात रोमवरील प्रेम. मग तो प्रश्न विचारतो, आणि ते प्रश्न असे रचलेले असतात की, उत्तर देणारा आपण नीच, अडाणी किंवा देशद्रोही आहोत अशी कबुली देऊनच तोंड उघडू शकेल. अर्थातच कोणी तोंड उघडीत नाही, आणि ते मौन ब्रूटस संमती म्हणून जमा करून घेतो. त्याच्या भाषणाचा परिणाम काय होतो? जमावातील एक जण ओरडतो की, आता ह्यालाच सीझर करा! एकसत्ता नको म्हणून ज्याने खून केला, त्याला त्याच खुर्चीवर बसविण्याची मागणी त्याचे व्याख्यान ऐकून होते. ब्रूटसचा शब्दन् शब्द टाळ्या घेऊन गेला आणि त्याचा विचार कोणाच्याही डोक्यात शिरला नाही. नाटककाराने ह्याहून कठोर अभिप्राय कोणत्याही वक्त्यावर दिला नसेल.

अँटनीच्या भाषणाविषयी आपले भाष्यकार सहसा एवढेच सांगतात की, तो ब्रूटसला पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो आणि ही व्याजस्तुती आहे. ते खरेच आहे. पण हा शब्द अँटनीने आणलेला नाही, ही गोष्ट निसटते. तो ब्रूटसचाच आहे. माझ्या इभ्रतीखातर माझ्यावर विश्वास ठेवा, असे ब्रूटसने नुकतेच म्हटलेले असते. अँटनी प्रतिपक्षाचे चलनच बाजारात आणतो आणि ते इतक्यांदा फिरवितो की, त्यावरील छाप झिजून जाते. पहिल्यांदा तो शब्द स्तुती असतो, दुसऱ्यांदा शंका असते, चौथ्यांदा शिवी होते. आणि त्या शिवीपर्यंत श्रोते स्वतःच्या पायांनी चालत गेलेले असतात. मराठीत हा शब्द कसा आणावा, हे भाषांतरकारापुढचे कोडे आहे. 'सन्माननीय' म्हणावे तर सभागृहाचा वास येतो, 'थोर' म्हटले तर उपहास पहिल्याच खेपेस उघडा पडतो, 'प्रतिष्ठित'मध्ये शीलापेक्षा घराणे आणि पैसा जास्त दिसतो. मला स्वतःला 'अब्रूदार' बरा वाटतो. तो झिजविता येतो.

दुसरी युक्ती मृत्युपत्राची. मृत्युपत्र माझ्याजवळ आहे, पण मी ते वाचणार नाही. वाचले तर तुमची मने पेटतील. सांगावयाचे ते नाकारून सांगणे, हा आपला 'आक्षेप' अलंकारच होय, आणि मम्मटाच्या व्याख्येत तो नेमका बसतो. मात्र आपल्याकडे आक्षेपाने अर्थाला विशेष येतो. येथे त्याने श्रोत्याचे स्थान बदलते. मृत्युपत्र वाचण्याचा हट्ट आता जमावाचा होतो. जे अँटनीला करावयाचे होते ते करण्याची सक्ती जमाव त्याच्यावर करतो आणि परिणामांची जबाबदारी आपल्या शिरावर घेतो.

तिसरी युक्ती सीझरच्या झग्याची, आणि तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेलेले दिसते. हा झगा सीझरने प्रथम कधी घातला ते मला आठवते, नर्व्ही लोकांवर विजय मिळविला त्या दिवसाची ती सायंकाळ, असे अँटनी सांगतो. नर्व्हींशी लढाई इसवी सनापूर्वी ५७मध्ये झाली. अँटनी गॉलमध्ये सीझरकडे गेला तो त्यानंतर काही वर्षांनी. इतिहास बाजूला ठेवला तरी नाटकातच दुसरा पुरावा आहे. झग्यावरील कोणते छिद्र कोणाच्या खंजिराचे, हे तो बोट ठेवून दाखवितो. आणि खुनाच्या क्षणी तर त्याला ट्रेबोनियसने सभागृहाबाहेर नेलेले होते. त्याने काहीही पाहिलेले नाही. परंतु ज्याला झग्याची पहिली सायंकाळ आठवते त्याला छिद्रेही ठाऊक असणारच, असे मन कबूल करते. एका घरगुती तपशिलाने साक्षीदाराची पत मिळते आणि त्या पतीवर पुढचे सारे कर्ज निघते. हा अलंकार कोणता? आपल्या कोशात त्याला नाव नाही. ओळखण्याजोगे काहीच नसल्यामुळे विद्यार्थी पुढे जातो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी तो फसलेला असतो.

भाषणानंतरचा प्रवेश अभ्यासक्रमात बहुधा वगळतात. पेटलेल्या जमावाला रस्त्यात सिन्ना नावाचा कवी भेटतो. कटवाल्यांत ह्याच नावाचा एक जण आहे. मी तो नव्हे, मी कवी, असे तो सांगतो. तेव्हा वाईट कविता लिहितो म्हणून मारा, असा पुकारा होतो. लेखकांनी वाचलेल्या मासिकात तरी ह्या प्रवेशाची आठवण असावी.

सतराव्या शतकात इंग्रज मन ह्या साऱ्या कलेला विटले. रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिताना १६६७मध्ये टॉमस स्प्रॅटने अलंकृत वाणीवर तोंडसुख घेतले आणि गणितासारख्या साध्या, उघड्या भाषेचा पुरस्कार केला. लॉकने मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथात वक्तृत्वकलेला फसवणुकीचे पक्के हत्यार ठरविले. पण ते सांगतानाच तिला सुंदर स्त्रीची उपमा देऊन गेला! त्या काळापासून इंग्रजी गद्यात एक नवीनच वक्तृत्व जन्मास आले. मी वक्ता नाही, मी साधा व्यवहारी मनुष्य आहे, माझ्याजवळ फक्त वस्तुस्थिती आहे, असे ते म्हणते. अँटनीनेही हेच म्हटले होते. राज्यकारभाराच्या टिप्पण्या, अहवाल, खलिते ह्यांतून हे साध्या वेषातील वक्तृत्व हिंदुस्थानात आले. त्याचा सर्वांत प्रभावी नमुना म्हणजे मेकॉलेची २ फेब्रुवारी १८३५ची शिक्षणविषयक टिप्पणी.

ह्या टिप्पणीवर आपण दीड शतकाहून अधिक काळ संतापत आलो आहोत. संतापणे योग्यच, पण ती कशी रचली आहे हे वाचण्याची सवड त्या संतापाने आपल्याला दिलेली नाही. प्रश्न मुळात कायद्याचा होता. १८१३च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानातील वाङ्मयाच्या पुनरुज्जीवनासाठी व सुधारणेसाठी, विद्वान एतद्देशीयांच्या उत्तेजनार्थ आणि शास्त्रीय ज्ञानाच्या प्रसारासाठी वर्षाला एक लाख रुपये राखून ठेवले होते. ते संस्कृत-अरबीवर खर्चावेत की इंग्रजीवर, असा शिक्षणसमितीत वाद होता. मेकॉले गव्हर्नर जनरलच्या मंडळाचा कायदेमंत्री आणि त्या समितीचा अध्यक्ष.

'पुनरुज्जीवन' हा शब्द त्याच्या वाटेतील धोंडा होता. जे कधी जिवंत नव्हते त्याचे पुनरुज्जीवन होत नाही. इंग्रजी वाङ्मय येथे कधी जिवंत नव्हते. मेकॉले ह्या धोंड्याशी झुंजत नाही. तो मिसर देशात जातो. समजा, मिसरच्या पाशाने वाङ्मयाच्या पुनरुज्जीवनासाठी रक्कम ठेवली, तर मुलांनी चित्रलिपीच्या अभ्यासात वर्षे घालवावीत असा त्याचा अर्थ कोणी काढील काय? दृष्टान्त चमकदार आहे आणि वाचक हसून पुढे जातो. आपल्यातील नैयायिक जागा असता तर त्याने विचारले असते की, ती चित्रलिपी मिसरमध्ये शतकानुशतके कोणालाही वाचता येत नव्हती, आणि संस्कृत तर काशीत, पुण्यात, नवद्वीपात त्या क्षणी शिकविली जात होती. मग दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक ह्यांत साम्य कोणते? पण दृष्टान्ताचा वेगच असा आहे की, हा प्रश्न सुचेपर्यंत तो दोन परिच्छेद पुढे गेलेला असतो.

मग येते ते ग्रंथालयाच्या फळीचे प्रसिद्ध वाक्य. आपण ते अहंकाराचा नमुना म्हणून उद्धृत करतो. त्याच्या अलीकडे मेकॉलेने काय म्हटले आहे? मला संस्कृत येत नाही, अरबीही येत नाही. ही कबुली आहे आणि ती खरी आहे. पण तिचे काम पाहा. कबुलीने वक्ता प्रामाणिक ठरला. आता अज्ञानाचा आक्षेप घेण्याची सोय प्रतिपक्षाला उरली नाही, कारण तो त्याने आधीच स्वतःवर घेतला. त्यानंतर तो म्हणतो की, प्राच्यविद्येचा एकही पंडित मला असा भेटला नाही, जो एका फळीचे हे मूल्य नाकारू शकेल. येथे वाक्याचा विषय बदलला. विधान वाङ्मयाविषयी वाटते. प्रत्यक्षात ते मेकॉलेला कोण भेटले आणि ते काय बोलले ह्याविषयी आहे. हिंदुस्थानात पाऊल ठेवून ज्याला वर्षही झालेले नव्हते, त्याच्या ओळखीच्या मंडळींविषयीचे विधान आपण दोन संस्कृतींच्या तुलनेचे विधान म्हणून आजतागायत वाचीत आहोत, आणि त्याला उत्तरेही त्याच पातळीवर देत आहोत. कालिदासाची थोरवी सांगून ह्या वाक्याला उत्तर मिळत नाही. तो अँटनीचा झगा आहे.

टिप्पणीतील आकडे मी ओझरतेच सांगतो. अरबी-संस्कृत ग्रंथांच्या छपाईवर तीन वर्षांत सुमारे साठ हजार रुपये गेले आणि विक्रीचे हजारही आले नाहीत. उलट स्कूल बुक सोसायटी वर्षाला सात-आठ हजार इंग्रजी पुस्तके वीस टक्के नफ्याने विकते. ह्या भागात मेकॉले प्रबळ आहे, हे मान्य केले पाहिजे. शिष्यवृत्ती दिल्याशिवाय विद्यार्थी येत नाही आणि शिकून बाहेर पडल्यावर त्याला कोणी विचारीत नाही, ही वस्तुस्थिती होती. पण नोकऱ्या कोणाच्या हाती होत्या? मागणी निर्माण करणाऱ्यानेच मागणीचा दाखला पुरावा म्हणून द्यावा, हा हेत्वाभास आकड्यांच्या आड बेमालूम लपून राहतो.

तथापि भाषांतरकार ह्या नात्याने मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते ते वेगळेच स्थळ. पौर्वात्य विद्येच्या हास्यास्पदतेची एक यादी मेकॉले देतो. इंग्रज नालबंदालाही लाज वाटेल असे वैद्यक, इंग्रज निवासी शाळेतील मुलींना हसू फुटेल असे ज्योतिष, तीस फूट उंचीच्या राजांचा इतिहास, आणि शेवटी काकवीच्या व लोण्याच्या समुद्रांचा भूगोल. ह्या यादीत युक्तिवाद नाही, हशा आहे. हा हशा शाळकरी मुलींच्या तोंडी घातला आहे, हे विशेष. वाचकाने आता ठरवावयाचे की, आपण त्या मुलींबरोबर हसणार की त्यांच्याकडून हसून घेणार. मत बदलण्याचे कष्ट वाचकाला द्यावे लागत नाहीत. विरुद्ध मत बाळगणे लाजिरवाणे झाले की काम झाले. बेंटिंकचे मन आधीच इंग्रजीकडे झुकलेले होते, हे आता इतिहासकारांनी पुरेसे दाखविले आहे. ७ मार्च १८३५च्या ठरावासाठी ही टिप्पणी अपरिहार्य नव्हती. तिने निर्णय घडविला नाही. निर्णयाला तिने तोरा दिला, आणि तो तोरा निर्णयापेक्षा दीर्घायुषी ठरला.

आता त्या समुद्रांकडे वळू. पुराणांतील सात समुद्र आपल्याला ठाऊक आहेत: लवण, इक्षुरस, सुरा, घृत, दधी, दुग्ध, जल. इक्षुरसाचा इंग्रजीत उसाचा रस होतो, घृताचे तूप होते. एच. एच. विल्सन हे ह्याच शिक्षणसमितीचे पूर्वीचे चिटणीस. त्यांनी १८४०मध्ये विष्णुपुराणाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात हे समुद्र आपल्या गांभीर्यानिशी येतात. मेकॉले लिहितो ते मात्र काकवी आणि लोणी. इंग्रज घरात काकवी पोळीला लावतात, लोणी पावाला फासतात. विश्वरचनेची एक कल्पना त्याने दोन शब्दांत न्याहारीच्या टेबलावर आणून ठेवली. म्हणजे जो हशा आपण आशयाचा समजतो तो शब्दनिवडीचा आहे. त्याने पुराणांचे खंडन केलेले नाही. त्यांचे भाषांतर केले आहे. भाषांतर हे मन वळविण्याचे किती जालीम साधन आहे, ह्याचा ह्याहून नेमका दाखला मला ठाऊक नाही.

आणि ह्या टिप्पणीचे मराठी भाषांतर करावयाचे झाले तर? सुसंस्कृत भाषांतरकाराची लेखणी नकळत 'इक्षुरस' आणि 'घृत' लिहून जाते, मूळ पौराणिक शब्द पुन्हा आपल्या आसनावर बसतात, आणि वाचकाला कळतच नाही की, ह्यात हसण्यासारखे काय होते. मेकॉलेचा डंख काढून टाकलेला मेकॉले आपण वाचतो. मी 'काकवी' लिहावे ह्या मताचा आहे. अपमान जसा झाला तसा मराठीत आला पाहिजे. त्याशिवाय त्याची घडण दिसत नाही.

रक्ताने व वर्णाने हिंदी, परंतु रुची, मते, नीती व बुद्धी ह्यांनी इंग्रज असा वर्ग तयार करावा, ह्या वाक्याविषयी थोडक्यात. त्यात 'परंतु'च्या अलीकडे दोन नामे आणि पलीकडे चार आहेत. तोल जाणूनबुजून एका बाजूला झुकविलेला आहे. ह्या वर्गाने देशी भाषांना समृद्ध करून ज्ञान जनसमूहापर्यंत न्यावे, असे सांगणारे लगेच पुढचे वाक्य आपण नेहमी गाळतो. उद्धरण कोठे तोडावे हीदेखील वक्तृत्वाचीच कला आहे, आणि ती आपल्याला चांगली अवगत आहे.

ह्याहून मोठी फसवणूक हल्ली चालू आहे. हिंदुस्थानभर प्रवास करून मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, हे राष्ट्र मोडावयाचे तर त्याचा सांस्कृतिक कणा मोडला पाहिजे, अशा अर्थाचा एक उतारा मेकॉलेच्या नावावर सर्वत्र फिरतो. तो त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात उच्चारला असेही सांगतात. त्या दिवशी मेकॉले हिंदुस्थानात होता आणि वर चर्चिलेल्या टिप्पणीखाली तीच तारीख आहे. उतारा बनावट आहे. ज्याने मूळ टिप्पणी एकदा लक्षपूर्वक वाचली त्याला तारखेचीही गरज पडू नये. जो हिंदुस्थानच्या विद्येला हसून वाटेला लावतो, तो तिच्यापुढे असा नतमस्तक होऊन कट रचणार नाही. बनावट उतारा आपला दुखावलेला अभिमान सुखावतो, म्हणून तो पटतो. श्रोत्याची मनोवृत्ती हे ॲरिस्टॉटलने सांगितलेले दुसरे साधन. येथे ते एकटेच सारे काम करते. पदवीधरांच्या सभांतून हा उतारा टाळ्यांच्या गजरात वाचला जातो, ही गोष्ट आपल्या इंग्रजी शिक्षणाविषयी फार काही सांगून जाते.

मराठी गद्याचा मेकॉलेशी आलेला संबंध तर आणखी गुंतागुंतीचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. परकीय राज्याने खचलेल्या स्वाभिमानाला त्यांनी जाग आणली; आणि त्यासाठी जी वाक्यरचना वापरली तिच्यावर जॉन्सन व मेकॉले ह्यांचा ठसा आहे, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. एकामागून एक येणारे प्रश्न, विरोधाने ताणलेली वाक्ये, प्रतिपक्षाच्या मताची त्याच्याच शब्दांत उडविलेली खिल्ली: मेकॉलेने ज्या शस्त्राने आपली ग्रंथालये निकालात काढली, त्याच शस्त्राने शास्त्रीबोवांनी मिशनऱ्यांचा आणि सुधारकांचा समाचार घेतला. ह्यात विसंगती आहे असे मी म्हणत नाही. पण शस्त्राबरोबर त्याची खोडही आली. लोकहितवादींवरील टीका वाचताना आपण पुष्कळदा हसतो. हसून झाल्यावर मात्र मूळ मुद्द्याला उत्तर मिळालेले नाही असे ध्यानात येते. जोतीराव फुल्यांच्या बाबतीत तर हा हशा मराठी समीक्षेला फार महाग पडला. फुल्यांच्या ग्रंथांतील भाषेची टवाळी झाली, आणि युक्तिवादाकडे गंभीरपणे पाहण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली.

शिवराम महादेव परांजपे ह्यांची वाट निराळी. 'काळ' १८९८मध्ये निघाला. राजद्रोहाच्या कलमाखाली सरळ वाक्य लिहिण्याची सोय नव्हती; तेव्हा सरकारची स्तुती अशा रीतीने करावयाची की, वाचकाला निंदा ऐकू यावी आणि सरकारी दुभाष्याला ती भाषांतरात पकडता येऊ नये. परांजपे संस्कृतचे पंडित होते. व्याजस्तुती त्यांनी इंग्रजांकडून उसनी आणली नाही; ती त्यांच्या घरची होती. तिला त्यांनी चव्हाट्यावर आणून राबविले, आणि आलंकारिक व वकील ही दोन घरे निदान एका लेखणीपुरती एक केली. १९०८मध्ये त्यांना शिक्षा झालीच. कोरडा टोमणाही अखेर न्यायाधीशाला समजला म्हणावयाचा.

शेवटी भाषांतराच्या तंत्राचा एक मुद्दा उरतो. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८च्या फेब्रुवारीत सुरू झाला. एडमंड बर्कने आपले प्रास्ताविक भाषण अनेक दिवस चालविले. त्याच्या समारोपात तो, मी ह्याच्यावर अभियोग ठेवतो, हे शब्द प्रत्येक वाक्याच्या आरंभी पुन्हा पुन्हा आणतो. कॉमन्स सभेच्या नावाने, ब्रिटिश जनतेच्या नावाने, हिंदुस्थानच्या प्रजेच्या नावाने, न्यायाच्या सनातन नियमांच्या नावाने, अखेर मनुष्यत्वाच्याच नावाने. वर्तुळ प्रत्येक वेळी रुंदावत जाते. इंग्रजीत घाव आधी बसतो आणि अधिकार मागाहून कळतो. मराठीत क्रियापद शेवटी जाते. 'हिंदुस्थानच्या प्रजेच्या नावाने मी ह्याच्यावर अभियोग ठेवतो' असे म्हणताच आवर्तन आरंभीचे न राहता अंत्य होते, आणि ध्रुपदासारखे वाजू लागते. बर्कच्या मुखातील सरकारी वकील आपल्याकडे कीर्तनकार होण्याचा संभव आहे. ते टाळण्यासाठी काही जण वाक्य उलटे करतात: 'मी अभियोग ठेवतो ह्याच्यावर, प्रजेच्या नावाने'. हे मराठी नव्हे. त्यात वक्त्याचा आवेश न येता भाषांतरकाराची धाप तेवढी ऐकू येते. माझ्या मते 'नावाने' हाच शब्द आवर्तनाचा खुंटा मानावा. चार वाक्यांत क्रियापद अध्याहृत ठेवावे. नावे एकेक करून उभी राहू द्यावीत आणि पाचव्या वाक्याच्या अखेरीस, एकदाच, 'मी अभियोग ठेवतो' असे म्हणावे. बर्कचे पाच घाव ह्यात एकावर येतात. परंतु मराठी श्रोता शेवटच्या क्रियापदाची वाट पाहण्यास जन्मापासून शिकलेला आहे, आणि हेस्टिंग्जला तर निकालासाठी १७९५पर्यंत वाट पाहावी लागली. तो निर्दोष सुटला.